संशोधनाच्या साधनांचे प्रकटीकरण

संशोधनाचे निष्कर्ष प्रसिद्ध करणे आणि संशोधन खुले करणे या दोन गोष्टी एक नव्हेत. निष्कर्षांवरून लेखकाचे मत कळते. परंतु ते मत ज्या साधनांवर उभे आहे ती समोर असल्यावाचून वाचकास ते तपासता येत नाही, केवळ लेखकाच्या अधिकारावर मान्य करावे लागते. म्हणून साधने कितपत व कोणत्या मर्यादेने प्रकट करावीत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. ग्रंथ व बोली यांच्या अभ्यासातील दोन उदाहरणांवरून त्याचे स्वरूप स्पष्ट होईल.

पहिले उदाहरण पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे. १९१९ साली आरंभिलेले हे कार्य १९६६ साली पूर्ण झाले. १९२३ साली ना. बा. उत्गीकर यांनी संपादिलेली विराटपर्वाची प्रायोगिक आवृत्ती विद्वानांच्या अभिप्रायार्थ प्रसिद्ध करण्यात आली. १९२५ पासून प्रमुख संपादकत्व वि. सी. सुखटणकर यांजकडे आले. या आवृत्तीत स्वीकृत संहिता वर, व निरनिराळ्या हस्तलिखितांतील पाठभेद खाली, अशी योजना आहे. वगळलेले श्लोकही तळटीपांत वा परिशिष्टांत दिलेले आहेत. जेथे पाठाविषयी संपादकास खात्री वाटली नाही, तेथे त्या शब्दांखाली नागमोडी रेघ ओढलेली आहे. संपादकाने आपला संशयही छापला, हे या पद्धतीचे मर्म होय. मादलेन बियार्दो या फ्रेंच विदुषीने अशी एकच संहिता सिद्ध करण्याच्या कल्पनेसच पुढे आक्षेप घेतला. परंतु ज्यास ती संहिता मान्य नाही, त्यासही आपला पक्ष मांडण्याची सामग्री त्याच आवृत्तीत मिळते.

हस्तलिखिताच्या बाबतीत असे संपूर्ण प्रकटीकरण निर्दोष ठरते, कारण त्याचा लेखक शतकांपूर्वीच दिवंगत झालेला असतो. बोलीच्या अभ्यासात मात्र साधन म्हणजे जिवंत माणसाची वाणी होय. ग्रियर्सन यांच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणात मराठीचा सातवा खंड १९०५ साली निघाला. त्या सर्वेक्षणात निरनिराळ्या बोलींचे नमुने म्हणून बायबलातील उधळ्या पुत्राची कथा भाषांतरित करून घेतलेली होती. त्या कथेत सांगणाऱ्याचे स्वतःचे असे थोडेच होते. आज ध्वनिमुद्रण केले जाते, आणि मोकळेपणाने बोलणारा मनुष्य भाऊबंदकी, आजारपण, गावाने केलेला अपमान यांविषयीही बोलून जातो. पन्नास उंबऱ्यांच्या वाडीत नाव गाळल्याने आवाज लपत नाही. आणि एकदा सर्वत्र पसरलेले मुद्रण परत घेता येत नाही.

यास्तव निवेदकाची संमती केवळ कागदावरील अंगठ्यापुरती असू नये. मुद्रण कोण ऐकेल, ते कोठे राहील, कोणता भाग वगळता येईल, हे त्यास त्याच्या बोलीत आधी सांगितले पाहिजे. त्यानंतर साधनांचे थर पाडता येतात. शब्दसूची, व्याकरणासाठी घेतलेली वाक्ये व त्यांचे विश्लेषण सर्वांस खुले असावे. खाजगी निवेदने अनुमतीविना देऊ नयेत. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘फेअर’ तत्त्वांचा भर साधने सहज सापडावीत व पुन्हा उपयोगी पडावीत यावर होता. २०१९ साली आदिवासी समाजांच्या दृष्टीने मांडलेल्या ‘केअर’ तत्त्वांनी त्यास त्या समाजांच्या हिताची व अधिकाराची जोड दिली.

अर्थात निवेदकाच्या रक्षणाचे निमित्त करून आपली टिपणे कपाटात कुलूपबंद ठेवण्याची सवयही तितकीच घातक आहे. त्यावर उपाय असा की, काय राखून ठेवले आणि का, याची नोंद प्रकाशित साधनांसोबतच द्यावी. सुखटणकरांची नागमोडी रेघ जसे अनिश्चित काय ते दाखविते, तशीच ही नोंद अप्रकट काय ते दाखवील. आणि वाचकाचा तपासण्याचा हक्क व बोलणाऱ्याचा मौनाचा हक्क हे दोन्ही अबाधित राहतील.