दरड का सुटते?

जून सरता सरता आळंदीच्या घाटावर इंद्रायणीचे पाणी तांबूस, गढूळ होते. ही माती कोठून येते? लोणावळ्याकडच्या ज्या डोंगरांत नदी उगम पावते तेथून, आणि वाटेतल्या मावळच्या शेतांतून. डोंगर असा दरवर्षी कणाकणाने खाली येतच असतो. त्याची आपल्याला इतकी सवय झालेली असते, की आपण तिकडे पाहतही नाही. पण कधी कधी हेच काम तो काही क्षणांत उरकतो.

३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर असाच डोंगर आला. चाकण, मंचर, घोडेगाव असे करत आळंदीहून तेथे जाता येते. घोड नदीच्या खोऱ्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला हे गाव होते. पाऊस लागून राहिला होता. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस.टी.च्या चालकाला गावच दिसेना. जागेवर नुसता चिखल! त्याच्याकडून बातमी बाहेर गेली. चाळीसहून अधिक घरे गाडली गेली आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली.

डोंगर तर शेकडो वर्षे तेथेच उभा होता. मग त्याच दिवशी का सुटला?

घरी एक प्रयोग करून पाहा. परातीत कोरडी बारीक वाळू हळूहळू ओता. ढिगाचा उतार कोनमापकाने मोजा. तो ३० ते ३५ अंशांच्या आसपास भरेल. आणखी वाळू ओतली तर ढीग मोठा होईल, पण उतार अधिक उभा होणार नाही. जादा वाळू घरंगळून जाईल. आता वाळू थोडी ओली करून थापा. तिची जवळजवळ उभी भिंत करता येते! कणांच्या मधल्या पाण्याच्या पातळ पापुद्र्याचा पृष्ठताण कणांना एकमेकांकडे ओढून धरतो. शेवटी त्या भिंतीवर तांब्याने पाणी ओतत राहा. थोडा वेळ काहीच होणार नाही. मग एकाएकी भिंत बसेल आणि वाळू वाहू लागेल. कणांमधली सगळी हवा निघून गेली, म्हणून पृष्ठताणाची ओढ संपली. शिवाय पोकळ्यांत भरलेल्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर लोटू लागला, त्यामुळे घर्षणही घटले.

सह्याद्रीत खाली काळा कातळ असतो आणि त्यावर झिजलेल्या खडकाचा मुरूम व माती. पाणी मातीतून झिरपत खाली जाते आणि कातळाशी अडते. तेथे ते साठू लागले, की वरचा भिजून जड झालेला थर जणू पाण्यावर टेकलेला राहतो. जूनच्या पावसाने पोकळ्या भरत आणलेल्या असतात. त्यावर जुलैत दोन-तीन दिवसांची झड लागली, की उरलेली जागाही संपते. महाड तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळली ती २२ जुलै २०२१ रोजी आणि इर्शाळगडाच्या पायथ्याची इर्शाळवाडी गाडली गेली ती १९ जुलै २०२३ च्या रात्री. तिन्ही घटना जुलैतल्या आहेत.

माळीणच्या वेळी, शेतीसाठी उताराचे केलेले सपाटीकरण याला जबाबदार होते की नाही, यावर बराच वाद झाला. माझ्या मते एकच गुन्हेगार शोधण्याचा हट्ट येथे उपयोगाचा नाही. उताराचा पायथा कापला, झाडे गेली, पाण्याची वाट बुजली, की सुटायला लागणारे पाणी कमी पुरते, एवढे मात्र खरे.

हिमालयात मातीऐवजी बर्फाचे हेच होते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडची कित्येक मुले तिकडे पदभ्रमणाला जातात. तेथे बर्फाची खिंड ओलांडायची असली, की पहाटे दोन-तीन वाजता उठवून चालायला लावतात. मुले कुरकुरतात! पण निरभ्र रात्री बर्फाचा वरचा थर गोठून घट्ट झालेला असतो. ऊन चढले, की वितळलेले पाणी हिमकणांमध्ये शिरून त्यांचे सांधे सोडवते आणि ३० ते ४५ अंशांचा उतार दुपारी हिमलोट होऊन खाली येऊ शकतो. म्हणून दुपारपूर्वी असा उतार मागे टाकायचा. (कडाक्याच्या थंडीत कोरड्या बर्फाचेही लोट सुटतात; त्यांचे कारण निराळे.) सह्याद्रीत घड्याळाचा असा उपयोग नाही. येथे गेल्या दोन-तीन दिवसांचा पाऊस पाहावा लागतो. शाळेत पर्जन्यमापक असेल, तर आकडा रोज फळ्यावर लिहावा.

पावसाळी सहलीला निघालात, तर काही गोष्टींकडे डोळे उघडे ठेवा. उतारावर नव्याने पडलेली लांब भेग. एका बाजूला कललेली झाडे किंवा विजेचे खांब. कोरड्या जागी अचानक फुटलेला झरा. वस्तीत घरांची दारे एकाएकी घट्ट बसू लागणे, भिंतींना तडे जाणे. ओढ्याचे पाणी भर पावसात एकदम कमी झाले, तर वर कोठेतरी माती येऊन ते अडले असण्याचा संभव असतो. अशा वेळी फोटो काढत थांबू नका. मुक्काम घळीच्या तोंडाशी किंवा कापलेल्या उताराखाली करू नका. वरून घरघर ऐकू आली, तर ओढ्याच्या कडेने खाली पळू नका, कारण दरडही त्याच वाटेने येते. आडवे, बाजूच्या उंचवट्याकडे जा.