दुष्काळ, युद्ध आणि ग्रंथारूढ त्रिपिटक

पालि त्रिपिटक सिंहलद्वीपात इ. स. पूर्व पहिल्या शतकात ग्रंथारूढ झाले, हे अभ्यासकांस परिचित आहे. ते कोणत्या परिस्थितीत झाले, याचा येथे थोडक्यात विचार करू.

इ. स. पूर्व १०३ मध्ये वट्टगामणी अभय अनुराधपुरच्या गादीवर आला. पाचव्याच महिन्यात रोहण प्रांतात तिस्स नामक ब्राह्मणाने बंड केले. त्याच सुमारास महातित्थ बंदरात सात दमिळ सरदार ससैन्य उतरले. राजा पराभूत होऊन वनात गेला. पुढे १४ वर्षे ७ महिने पाच दमिळ राजांनी एकामागून एक राज्य केले. ‘महावंस’ हा वृत्तान्त मुख्यतः राजकुळाच्या अंगाने सांगतो. प्रजेच्या आणि संघाच्या हालांसाठी अट्ठकथांकडेच वळावे लागते.

त्या काळात बुद्धवचन भाणकांच्या मुखी होते. भाणक भिक्षेवर जगत आणि भिक्षा शेतकऱ्याच्या घरातून येई. युद्धाने व दुष्काळाने ते घर रिकामे झाले, की केवळ माणसेच मरत नसत. त्यांच्याबरोबर पाठही लोपत असे. एका वेळी ‘महानिद्देस’ एकाच भिक्षूस मुखोद्गत उरला होता, असे ‘समन्तपासादिका’ नमूद करते.

महाविहार ओस पडला. अनेक भिक्षू समुद्रापार गेले. ‘मनोरथपूरणी’ सांगते की, मागे राहिलेले ६० भिक्षू मलय प्रदेशात कंदमुळे व पाने खाऊन राहिले. बसण्याचे त्राण नसलेले भिक्षू वाळूचा ढीग करून, डोकी एकत्र आणून पडल्या पडल्या पाठ करीत. शांतता झाल्यावर ७०० भिक्षू परतले. कल्लगाममधील मण्डलारामात दोघांचे पाठ ताडून पाहिले, तेव्हा एका अक्षराचाही फरक आढळला नाही.

वट्टगामणीने इ. स. पूर्व ८९ मध्ये राज्य परत मिळविले. त्याच्याच कारकिर्दीत पाठ लिहिला गेला. परंपरा हे स्थान मातलेजवळील आलोकविहार मानते. लेखनाचे कारण म्हणून ‘महावंस’ प्राण्यांच्या हानीचा उल्लेख करतो. हा ‘हानि’ शब्द सामान्यतः श्रद्धेच्या वा स्मरणशक्तीच्या ऱ्हासाचा द्योतक मानला जातो. आमच्या मते, वरील वृत्तान्त ध्यानी घेता त्यात भुकेने गेलेली माणसेही मोजली पाहिजेत. ग्रंथाचे पान उलटताना, ज्यांच्या घरची भिक्षा आटली त्या अनाम गृहस्थांचे स्मरण अभ्यासकाने ठेवावे.