सामर्थ्य आणि शेजारधर्म

मोठ्या राष्ट्राचे परराष्ट्रधोरण त्याच्या राजधानीत ठरते, असा सर्वसाधारण समज आहे. तो सर्वस्वी चुकीचा नाही. तथापि सीमेपलीकडे ज्याच्या एखाद्या प्रांताच्याच भाषेची माणसे राहतात, अशा राष्ट्राचे धोरण राजधानीपासून शेकडो कोस दूर असलेल्या पेठेतही घडत असते आणि प्रसंगी तेथे बिघडतही असते. मद्रासमधील, म्हणजे आजच्या चेन्नईतील, त्यागरायनगर ही अशीच एक पेठ होय. जस्टिस पक्षाचे एक संस्थापक सर पिट्टी त्यागराय चेट्टी यांचे नाव या वस्तीला देण्यात आले आणि लोकांच्या तोंडी तिचे टी. नगर झाले. रेशमी लुगड्यांसाठी व सोन्याच्या दागिन्यांसाठी दूरदूरची कुटुंबे लग्नसराईत येथे येतात. याच वस्तीतील पाँडी बाजारात १९ मे १९८२ रोजी भर रस्त्यावर गोळीबार झाला. गोळ्या झाडणारे शहरातील गुंड नव्हते. श्रीलंकेतील तमिळ तरुणांच्या दोन सशस्त्र संघटनांचे पुढारी वेलुपिळ्ळै प्रभाकरन आणि उमा महेश्वरन हे एकेकाळचे सहकारी तेथे एकमेकांसमोर आले होते.

पोलिसांनी प्रभाकरनला तेथेच पकडले. उमा महेश्वरनही काही दिवसांत सापडला. श्रीलंका सरकारने या आरोपींची मागणी केली. तमिळनाडूतील अनेक पक्षांनी त्यांना परत पाठविण्यास कडाडून विरोध केला. अखेर दोघेही जामिनावर सुटले आणि पुढे कायद्याच्या हाती राहिले नाहीत. ही घटना त्या वेळी वृत्तपत्रांतील एक खळबळजनक बातमी ठरली. आज मागे वळून पाहता, भारतापुढे पुढील दहा वर्षे जो पेच उभा राहिला त्याची सारी सूत्रे या एका खटल्यात एकत्र आलेली दिसतात. शेजारी राज्याचा सार्वभौम अधिकार, आपल्या प्रांतातील लोकभावना आणि आपल्या भूमीवर परक्यांनी बाळगलेली शस्त्रे, ही ती तीन सूत्रे होत.

या पेचाचे मूळ समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. धनुष्कोडी आणि तलैमन्नार यांमधील समुद्र सुमारे ३० किलोमीटर रुंद आहे. श्रीलंकेच्या उत्तर व पूर्व भागांत तमिळांची वस्ती शतकानुशतकांची आहे. मध्यभागातील चहाच्या मळ्यांवर इंग्रजी अमदानीत नेलेले तमिळ मजूर निराळे. स्वातंत्र्य मिळताच १९४८ च्या नागरिकत्वाच्या कायद्याने या मजुरांपैकी लक्षावधी लोक नागरिकत्वाला मुकले. १९६४ साली लालबहादूर शास्त्री आणि सिरिमावो बंदरनायके यांच्यात करार झाला आणि ५ लाख २५ हजार माणसे भारताने, तर ३ लाख माणसे सिलोनने स्वीकारावी असे ठरले. दोन देशांच्या मैत्रीसाठी माणसांची ही वाटणी झाली. ज्यांची वाटणी झाली, त्यांना मात्र कोणी विचारले नाही. मध्यंतरी १९५६ साली सिंहली हीच एक राजभाषा ठरली होती. उत्तरेकडील सुशिक्षित तमिळ तरुणाला नोकरीची व उच्च शिक्षणाची वाट अरुंद वाटू लागली. १९८१ साली जाफना येथील प्रसिद्ध ग्रंथालय जाळण्यात आले. सनदशीर राजकारणावरील त्याचा विश्वास अशा घटनांनी ढासळत गेला.

जुलै १९८३ मध्ये जाफन्यात १३ सैनिक मारले गेले आणि कोलंबोसह अनेक ठिकाणी तमिळांवर भयंकर अत्याचार झाले. निर्वासितांच्या नावा रामेश्वरच्या किनाऱ्याला लागू लागल्या. पुढील काही वर्षांत त्यांची संख्या लाखावर गेली. मद्रासमध्ये संतापाची लाट उसळली. अशा वेळी दिल्ली स्वस्थ बसू शकत नव्हती. शिवाय अध्यक्ष जयवर्धने यांनी लष्करी साहाय्यासाठी इस्रायल, पाकिस्तान आदी देशांकडे वळावे, ही गोष्ट दिल्लीला आपल्या सुरक्षिततेच्या दृष्टीने चिंतेची वाटत होती.

येथे भारताने दुहेरी मार्ग पत्करला. एकीकडे गो. पार्थसारथी यांच्यासारखे अनुभवी मुत्सद्दी कोलंबोशी वाटाघाटी करीत होते. दुसरीकडे तमिळ संघटनांच्या तरुणांना भारतीय भूमीवर गुप्तपणे लष्करी शिक्षण मिळत होते. यामागील हिशेब असा होता की, तरुणांच्या हातातील शस्त्रांचा दाब कोलंबोवर पडेल आणि त्या दाबाची कळ दिल्लीच्या हाती राहील. स्वतंत्र तमिळ राष्ट्र भारताला नको होते. ज्या देशात अनेक भाषा व अनेक प्रांत एकत्र नांदतात, तो शेजाऱ्याच्या फाळणीला मान्यता कशी देणार? परंतु ज्या तरुणांना शस्त्रे मिळाली, त्यांना स्वतंत्र राष्ट्रच हवे होते. साधन पुरविणारा आणि साधन वापरणारा यांची उद्दिष्टे भिन्न होती.

या विसंगतीची किंमत लवकरच कळू लागली. २ ऑगस्ट १९८४ रोजी मद्रासच्या मीनंबाक्कम विमानतळावर, कोलंबोच्या विमानासाठी ठेवलेल्या बॉम्बचा तेथेच स्फोट झाला आणि सुमारे ३० माणसे प्राणास मुकली. १९८५ साली भूतानमधील थिंफू येथे भारताच्या पुढाकाराने बोलणी झाली. ती निष्फळ ठरली. जून १९८७ मध्ये जाफन्याची कोंडी झाली असता भारतीय विमानांनी तेथे आकाशातून अन्नधान्य टाकले. त्यानंतर दोनच महिन्यांच्या आत, २९ जुलै १९८७ रोजी, राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करारावर सह्या केल्या.

कराराचा मजकूर वाचला तर तो अविचारी होता असे म्हणवत नाही. श्रीलंकेची अखंडता मान्य करून प्रांतांना अधिकार द्यावे, उत्तर व पूर्व प्रांत तात्पुरते जोडावे, तमिळ ही देखील राजभाषा व्हावी, असे त्याचे स्वरूप होते. सोबतच्या पत्रांत त्रिंकोमालीचे बंदर भारताच्या हितास बाधक अशा लष्करी वापरासाठी कोणत्याही देशाला देऊ नये, असेही नमूद होते. दोष निराळाच होता. ज्यांनी शस्त्रे खाली ठेवायची, त्या प्रभाकरनच्या संघटनेची त्यावर सही नव्हती. आणि सिंहली जनतेला तो लादलेला वाटत होता. करारानंतर दुसऱ्याच दिवशी मानवंदना स्वीकारीत असताना राजीव गांधींवर एका श्रीलंकी नौसैनिकाने बंदुकीच्या दस्त्याने प्रहार केला, तो या असंतोषाचाच उद्रेक होता.

शांतता राखण्यासाठी गेलेल्या भारतीय सेनेवर ऑक्टोबर १९८७ मध्ये, भारतातच शिकलेल्या तरुणांशी लढण्याचा प्रसंग आला. महाराष्ट्राला हा इतिहास दूरचा वाटू नये. डॉ. आंबेडकरांच्या आग्रहाचा ज्या स्थापनेत मोठा वाटा होता आणि जी १९४१ साली बेळगावात उभी राहिली, त्या महार रेजिमेंटची आठवी पलटण तेथे लढत होती. तीतील मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले तमिळ अधिकारी. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी शोधमोहिमेवरून परतताना त्यांच्या तुकडीवर छापा पडला. छातीत गोळी लागली असतानाही त्यांनी शत्रूच्या हातची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि अखेरच्या श्वासापर्यंत आपल्या जवानांना आज्ञा दिल्या. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. ज्यांच्या रक्षणासाठी ही सेना गेली होती त्यांची भाषा या वीराची मातृभाषा होती, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या युद्धातील वेदना कळते.

सुमारे १,२०० भारतीय सैनिक तेथे पडले. जाफन्याच्या रुग्णालयात झालेल्या गोळीबारासारख्या घटनांत निरपराध तमिळांचेही बळी गेले, हे झाकून ठेवता येणार नाही. नवे अध्यक्ष प्रेमदासा यांनी सेना परत नेण्याची मागणी केली. शेवटची तुकडी २४ मार्च १९९० रोजी परतली, तेव्हा मुख्यमंत्री करुणानिधी मद्रास बंदरावर तिच्या स्वागतास गेले नाहीत. तीनच महिन्यांनी, १९ जून १९९० रोजी, टी. नगरला लागून असलेल्या कोडंबाक्कममध्ये प्रतिस्पर्धी संघटनेचे पुढारी पद्मनाभ यांची सहकाऱ्यांसह हत्या झाली. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुंबुदूर येथे राजीव गांधींची हत्या झाली आणि त्यानंतर पाहुण्याच्या शस्त्राविषयीची तमिळनाडूची सहानुभूती ओसरली. १९९२ साली त्या संघटनेवर भारतात बंदी आली; मे २००९ मध्ये श्रीलंकेतील युद्ध प्रभाकरनच्या मृत्यूने आणि असंख्य नागरिकांच्या संहाराने संपले.

युद्ध संपले तरी मूळ प्रश्न पुरता सुटला नाही. करारामुळे श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली खरी. परंतु जोडलेले प्रांत तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ च्या निर्णयाने पुन्हा वेगळे झाले. हंबनटोटा बंदर २०१७ साली ९९ वर्षांच्या पट्ट्याने एका चिनी कंपनीकडे गेले, तेव्हा १९८७ च्या पत्रांतील चिंता नव्या रूपाने पुढे आली. पण २०२२ साली श्रीलंकेची तिजोरी रिकामी झाली, इंधनासाठी व औषधांसाठी रांगा लागल्या, त्या वेळी भारताने सुमारे ४ अब्ज डॉलरचे साहाय्य दिले. त्याच वर्षाच्या आरंभी त्रिंकोमालीच्या ९९ तेलटाक्यांसंबंधीचा करारही झाला. त्यांच्या संयुक्त वापराचा विचार करण्याचे १९८७ च्या पत्रांतच ठरले होते; जे सेना असताना पुरे झाले नाही, ते वाटाघाटींनी पस्तीस वर्षांनी पदरात पडले.

प्रादेशिक सत्तेची खरी कसोटी तिच्या लहान शेजाऱ्यांच्या मनात लागते. भारताला श्रीलंका हे एक बेट दिसते. श्रीलंकेला भारत हा क्षितिज व्यापणारा खंड दिसतो. या भयाची जाणीव ठेवणे, शेजारच्या अल्पसंख्याकांच्या न्यायाविषयी स्पष्ट व उघड बोलणे आणि ते बोलणे परिणामकारक व्हावे म्हणून गुप्त शस्त्रांचा आश्रय न घेणे, या तीन गोष्टी एकत्र साधणे अवघड आहे. त्या साधल्या नाहीत म्हणजे काय होते, हे जाफन्याच्या तमिळांनी आणि परत न आलेल्या जवानांच्या घरांनी सोसले आहे.