साहेबासमोर बरा आवरतो राग!

"त्याला राग आवरत नाही, एरवी माणूस लाखात एक." बायकोला मारणाऱ्याची वकिली घरचे बहुधा याच शब्दांत करतात. पण राग खरंच आवरत नसता, तर ऑफिसातल्या साहेबावरही हात उठला असता. तिथे तो बरोबर आवरतो. त्यामुळे नुसतं राग ताब्यात ठेवायला शिकवून भागत नाही.

अमेरिकेत मिनेसोटातल्या डुलुथ शहरात 1980च्या दशकात एलन पेन्स, मायकेल पेमार आणि सहकाऱ्यांनी बायकोला मारणाऱ्या पुरुषांसाठी उभा केलेला कार्यक्रम हेच धरून चालतो. गटात बसलेल्या पुरुषांपुढे एक तक्ता असतो. काय केलं? त्यातून काय साधायचं होतं? दोष कुणावर ढकलला? तिच्यावर काय परिणाम झाला? "ती उलट बोलली" हे उत्तर इथे कारण ठरत नाही, ते दोष ढकलण्याच्या रकान्यात जातं. आणि 'साधायचं काय होतं' याचं खरं उत्तर बरेचदा एवढंच निघतं: तिने गप्प बसावं.

मग दारूचं काय? दारूने मारहाण वाढते, व्यसनावर उपचार हवेतच. पण तिचा पगार काढून घेणं, माहेरी जाऊ न देणं, मोबाइल तपासणं हे उद्योग शुद्धीतही चालतात.

कार्यक्रम पुरा केला म्हणजे माणूस सुधारला, असंही नाही. ज्युलिया बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये 22 अभ्यास एकत्र तपासले. नुसती अटक आणि शिक्षा झालेल्यांच्या तुलनेत, जोडीला असा कार्यक्रमही केलेल्यांकडून पुन्हा मारहाण होण्याची शक्यता जेमतेम 5 टक्क्यांनी कमी भरली. फरक आहे, पण प्रमाणपत्र पाहून निर्धास्त व्हावं इतका नाही. मार खरंच थांबला का, हे तिलाच विचारावं लागतं, आणि तेही तो आसपास नसताना.

आपल्याकडे मात्र समुपदेशन म्हटलं की दोघांना समोरासमोर बसवायचं, भांड्याला भांडं लागायचंच म्हणून समजूत घालायची आणि घरी धाडायचं, असाच समज. रात्री त्याच्याच घरात झोपायचं असलेली बाई तिथे काय तोंड उघडणार? कौटुंबिक हिंसाचारविरोधी 2005च्या कायद्याचं कलम 14 दोघांना वेगवेगळं पाठवायचीही मुभा देतं. याच कायद्याखालचे 2006चे नियम तर आणखी स्पष्ट आहेत: केलेल्या हिंसेचं समर्थन त्याला समुपदेशनात करता येणार नाही, हे बैठकीआधीच त्याला सांगायचं आणि पुन्हा असं करणार नाही अशी हमी त्याच्याकडून घ्यायची.