घोडकाठचे काटे आणि शिंपले

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची ही वस्ती. तिथली घरं नि रांजण सर्वांना ठाऊक आहेत. मला मात्र तिथं सापडलेली माशांची, कासवांची हाडं अधिक मोलाची वाटतात. त्या काळी नदीत कोण नांदत होतं, याची साक्ष दुसरं कोण देणार?

माशाच्या मणक्यावर वाढीची वलयं असतात. ती मोजून माशाचं वय काढता येतं. शिंपल्यावरही तशाच रेषा उमटतात. ओढ्याच्या वाळूत शिंपला दिसला तर उलटून पाहा. बाहेरून काळपट-तपकिरी, आतून मोत्यासारखी झळाळी. शिंपल्यात राहणाऱ्या प्राण्याची पिल्लं सुरुवातीला माशांच्या कल्ल्यांना चिकटून राहतात, मग सुटून तळाशी रुततात. म्हणजे योग्य मासे संपले की नवे शिंपलेही थांबतात. शिवाय वाळू उपसली की रुतायची जागाच जाते. आपल्याकडे उत्खननातल्या हाडांची नोंद नेटकी होते, पण आज वाहत्या नदीतल्या शिंपल्यांची गावोगाव मोजदाद व्हायला हवी. शाळेतली मुलंसुद्धा ती करू शकतील.