निर्गुडी, वाळुंज आणि सालई

कल्याण स्थानक सोडून कसाऱ्याच्या दिशेने निघालेली लोकलगाडी प्रथम थांबते ती शहाडला. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचे सूत काढणारा मोठा कारखाना, मुरबाडवरून माळशेज घाटाकडे जाणारा रहदारीचा रस्ता आणि जवळून वाहणारी उल्हास नदी, असे या ठिकाणाचे रूप आहे. वस्ती दाट झाली, तरी ठाणे जिल्ह्याच्या या भागात ओढ्यांच्या काठी आणि कुंपणांच्या कडेने एक झुडूप अजून आढळते. त्याच्या एकेका देठाला तीन किंवा पाच लांबट पर्णिका असतात. पानांची खालची बाजू पांढुरकी असते, फुलांचे तुरे निळसर जांभळे असतात आणि पान चुरडले असता उग्र वास येतो. हीच निर्गुडी.

कोणाचे गुडघे दुखू लागले, कंबर धरली किंवा पाय मुरगळला, की घरातील वडीलधारी माणसे निर्गुडीचा पाला आणावयास सांगत. तो गरम करून फडक्यात बांधावयाचा व त्या पुरचुंडीने दुखरा भाग शेकावयाचा, किंवा पाला पाण्यात उकळून त्या कढत पाण्याचा शेक द्यावयाचा, अशी रीत आहे. मुरबाड व शहापूर तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, महादेव कोळी इत्यादी लोकांना अशा पुष्कळ वनस्पतींची माहिती असते. ती पुस्तकांत लिहिलेली नसते. आजीकडून नातीकडे, बापाकडून मुलाकडे ती तोंडी चालत येते.

आयुर्वेदाने या अनुभवाला शास्त्राचे रूप देण्याचा यत्न फार पूर्वी केला. चरकसंहितेत औषधी द्रव्यांचे त्यांच्या कार्यानुसार पन्नास गट केलेले आहेत. त्यांपैकी एक गट सूज उतरविणाऱ्या द्रव्यांचा, तर दुसरा वेदना शमविणाऱ्या द्रव्यांचा आहे. सूज उतरविणाऱ्या गटातील दहा वनस्पती म्हणजेच सर्वांच्या परिचयाचे दशमूळ होय.

सूज आणि वेदना ही दोन्ही बहुधा जोडीने येतात. असे का व्हावे? शरीराच्या एखाद्या भागास इजा झाली किंवा तेथे रोगजंतू शिरले, की तेथील बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. रक्तातील द्रव आणि पांढऱ्या पेशी त्या जागी जमू लागतात. त्यामुळे तो भाग लाल होतो, गरम लागतो, सुजतो आणि ठणकतो. लाली, उष्णता, सूज आणि वेदना ही दाहाची चार लक्षणे सेल्सस या रोमन ग्रंथकाराने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच नमूद केली आहेत. दाह हा मुळात शरीराचा शत्रू नव्हे; तो शरीराने केलेला बचाव असतो. वेदना ही तर धोक्याची सूचनाच होय. परंतु हा बचाव प्रमाणाबाहेर वाढला किंवा दीर्घकाळ चालू राहिला, तर तोच पीडा देऊ लागतो. अशा वेळी औषधाची गरज भासते.

औषधी पाल्यात किंवा सालीत नेमके काय असते, याचा शोध कसा लागला हे समजून घेण्यासाठी वाळुंज या झाडाकडे वळावयास हवे. वाळुंज महाराष्ट्रात नद्यांच्या व ओढ्यांच्या काठी वाढतो. त्याचेच भाईबंद युरोपातही आहेत. इंग्लंडमधील एडवर्ड स्टोन नावाच्या धर्मोपदेशकाने तेथील वाळुंजाची साल सहज चाखून पाहिली. हिवतापावर गुणकारी असलेल्या सिंकोनाच्या सालीप्रमाणेच ती अतिशय कडू लागली. त्याने ती वाळवून तिचे चूर्ण केले, सुमारे पन्नास ज्वरपीडितांना दिले आणि आपला अनुभव १७६३ साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविला.

पुढे १८२८ साली म्युनिक येथील योहान बुखनर याने या सालीतून सॅलिसिन नावाचे कडू द्रव्य वेगळे काढले. १८३८ साली राफाएले पिरिया या इटालियन शास्त्रज्ञाने त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळविले. या आम्लाने वेदना थांबत, परंतु जठराला फार त्रास होई. १८९७ साली फेलिक्स हॉफमान याने जर्मनीतील बायर कंपनीच्या प्रयोगशाळेत या आम्लाचे एक सौम्य रूप शुद्ध व टिकाऊ स्वरूपात तयार केले. १८९९ पासून ते ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. शहाडच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्याचे सूत होते. त्याचप्रमाणे झाडाच्या सालीवरून माणसाने औषधाची गोळी घडविली. इतकेच नव्हे, तर या गोळीसाठी पुढे सालीची गरजही उरली नाही. ती रसायनांपासूनच तयार होऊ लागली.

तथापि ही गोळी शरीरात काय करते, हे कळावयास आणखी सात दशके लागली. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे सूज वाढते आणि मज्जातंतूंना वेदना अधिक तीव्रतेने जाणवते. ॲस्पिरिन या द्रव्यांची निर्मिती रोखते, असे जॉन व्हेन या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७१ साली दाखवून दिले. १९८२ सालच्या नोबेल पारितोषिकाचा तो एक मानकरी ठरला.

मात्र द्रव्य सापडले म्हणजे औषध सिद्ध झाले, असे नाही. रोग्याला बरे वाटले ते औषधाने की केवळ विश्वासाने, हे ठरविण्यासाठी कसोटी लागते. अशा कसोटीचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. विदर्भात व सातपुड्याच्या रानांत सालईचे झाड आढळते. संस्कृतात तिला शल्लकी म्हणतात. तिचा सुगंधी डिंक धूप म्हणून जाळतात आणि संधिवातावर औषध म्हणूनही देतात. नागपूर येथे गुडघ्याच्या संधिवाताच्या तीस रोग्यांवर या डिंकाच्या अर्काचा प्रयोग करण्यात आला व त्याचा वृत्तांत २००३ साली प्रसिद्ध झाला. पंधरा जणांना आठ आठवडे अर्क देण्यात आला आणि पंधरा जणांना तसेच दिसणारे, परंतु औषध नसलेले द्रव्य देण्यात आले. नंतर दोन्ही गटांची अदलाबदल झाली. कोणास काय मिळत आहे, हे रोग्यांना ठाऊक नव्हते आणि तपासणाऱ्या वैद्यांनाही ठाऊक नव्हते. अर्क घेणाऱ्यांच्या वेदना कमी झाल्या, गुडघा अधिक वाकू लागला आणि त्यांना अधिक अंतर चालता येऊ लागले. क्ष-किरण चित्रांत मात्र काही फरक दिसला नाही. म्हणजे पीडा हलकी झाली, परंतु झिजलेला सांधा पूर्ववत झाला नाही. औषध काय करते आणि काय करीत नाही, या दोन्ही गोष्टी सांगणे, हेच कसोटीचे खरे महत्त्व आहे.

निर्गुडीची परीक्षाही सुरू झाली आहे. तिच्या पानांच्या अर्काने उंदरांच्या पायांची सूज उतरल्याचे प्रयोगांत आढळून आले आहे. तथापि उंदरांवर दिसलेला गुण माणसांवरही तितकाच दिसेल, असे गृहीत धरता येत नाही.

वनस्पतीचे औषध निरुपद्रवी असते, ही समजूत मात्र चुकीची आहे. बिब्ब्याचे तेल दुखऱ्या सांध्यावर लावण्याची चाल अनेक ठिकाणी आहे. या तेलाने कातडी भाजल्यासारखी होऊन मोठे फोड येतात. म्हणूनच बिब्बा शुद्ध केल्यावाचून वापरू नये, असा आयुर्वेदाचाही दंडक आहे. रस्त्याच्या कडेला जडीबुटी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही भुकट्यांत स्टेरॉइड नावाची तीव्र औषधे मिसळलेली असल्याचे वेळोवेळी उघडकीस आले आहे. अशा भुकटीने दुखणे चटकन थांबते, म्हणून रोगी आनंदतो. परंतु पुढे त्याची हाडे ठिसूळ होतात आणि रक्तातील साखर वाढते. ॲस्पिरिनचेही तसेच आहे. तापलेल्या मुलांना ते वैद्याच्या सल्ल्यावाचून कधीही देऊ नये. डेंग्यूच्या तापात त्यामुळे रक्तस्रावाचा धोका वाढतो.

निर्गुडीच्या शेकालाही योग्य वेळ असते. समजा, खेळताना एखाद्या मुलाचा घोटा नुकताच मुरगळला आहे. अशा ताज्या दुखापतीवर लगेच कढत शेक दिला, तर रक्तप्रवाह वाढून सूज अधिकच चढते. पहिले एकदोन दिवस पाय उंच ठेवावा, त्याला विश्रांती द्यावी आणि बर्फ फडक्यात गुंडाळून थोडा थोडा वेळ लावावा. सूज उतरू लागली, की मग ऊबदार शेक सुखावह होतो. परंतु पायावर भारच देता येत नसेल किंवा पाय वेडावाकडा दिसत असेल, तर पाला शोधण्यात वेळ न दवडता दवाखाना गाठावा; कारण हाड मोडलेले असण्याचा संभव असतो. सांधा सुजून ताप येत असेल, तरीही हाच मार्ग धरावा.

ओढ्याकाठची निर्गुडी ओळखणारी जुनी माणसे आता विरळ होत चालली आहेत. त्यांचे ज्ञान टाकून द्यावे असे नाही, तसेच ते डोळे मिटून स्वीकारावे असेही नाही. वाळुंजाची साल अनेकांच्या हातून तपासली गेली, तेव्हा तिच्यातील गुण आणि तिच्यातील दोष असे दोन्ही जगाला कळले. शहाडच्या परिसरात निर्गुडीचे झुडूपही आहे आणि दवाखानेही आहेत. कोणत्या दुखण्यात कोणाकडे जावयाचे, हे जाणणे हाच शहाणपणा होय.