निघताना ‘येतो’ म्हणावं

‘पहले आप, पहले आप’ करता करता दोन नवाबांची गाडी सुटली, हा विनोद तुम्ही ऐकला असेल. मीही तो अनेकदा सांगितलाय. पण गार्डन रीचला तीन वर्षं राहिलो आणि सांगायचा बंद झालो.

मी नागपूरचा. कोलकात्यातल्या गार्डन रीचला दक्षिण पूर्व रेल्वेचं मुख्यालय आहे. २००३ पर्यंत नागपूर विभाग याच रेल्वेत होता, त्यामुळे आमच्यासारख्यांची तिकडे बदली व्हायची.

शेजारीच मटियाबुर्ज. १८५६ साली इंग्रजांनी अवध खालसा केलं आणि नवाब वाजिद अली शाह इथे आले. १८५७ च्या उठावात इंग्रजांनी त्यांना फोर्ट विल्यममध्ये कैदेत ठेवलं. सुटल्यावर १८८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते इथेच राहिले. सिब्तैनाबाद इमामबाड्यात त्यांची कबर आहे. राज्य गेलं, पण लखनौची बोलण्या-वागण्याची रीत माणसांबरोबर इथवर आली. ती कुणाला खालसा करता आली नाही.

मटियाबुर्ज आज शिंपीकामासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका वयस्क शिंप्याकडे मी पँट शिवायला दिली होती. दोनदा खेप वाया गेली. तिसऱ्यांदा मी दारातूनच आवाज चढवला, तोही ‘तू’ म्हणून. ते उठले, स्टूल पुढे सरकवलं, पाणी दिलं आणि म्हणाले, “बैठिए साहब, ग़लती हमारी है।” मी बसलो. पाणी पिईपर्यंत राग उतरला, आणि वडिलांच्या वयाच्या माणसाशी आपण कसे बोललो, याची लाज वाटली. पँट दुसऱ्या दिवशी मिळाली. ती लाज अजून आहे.

शिष्टाचाराचं काम हेच असतं. राग आणि शब्द यांच्यामध्ये तो थोडा वेळ मिळवून देतो. आपल्याकडे आल्यागेल्याला आधी गूळपाणी देतात, मग कामाचं विचारतात. त्यामागे हेच शहाणपण आहे.

घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. आमच्या शेजारच्या बंगाली काकू निघताना ‘आशि’ म्हणायच्या. त्याचाही अर्थ ‘येते’. भाषा वेगळ्या, पण नातं तुटू नये ही काळजी एकच.

आता एक शंका रास्त आहे. शिष्टाचार म्हणजे मोठ्यांपुढे वाकणं नव्हे का? साहेबाला ‘अहो’ आणि चहा आणणाऱ्याला ‘ए’, असं असेल तर ती हांजी हांजीच. ज्याच्याकडून आपल्याला काहीच मिळवायचं नाही, त्याच्याशी आपण कसे बोलतो, यावर खरी परीक्षा होते. त्या दुकानात मी त्या परीक्षेत नापास झालो होतो.

तुम्ही आज एवढंच करून पाहा. रिक्षावाल्याला, पहारेकऱ्याला, भाजीवाल्या मावशींना ‘अहो’ म्हणा. खर्च काही नाही.

बरं मंडळी, येतो.